भट्टीकडची भिंत

त्या शुक्रवारी सकाळी परसोत्तमशेठ "जागृतीबेन, जरा या बरं" असं म्हणाले नाहीत. "त्या बाईंना आत पाठवा" असं म्हणाले, आणि जागृतीबेनला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही.

जागृतीबेन अकरा वर्षं त्यांच्या छपाई कारखान्यात साड्यांच्या नक्ष्या काढत होती. कागदावर नव्हे, संगणकावर. तिने नक्षी काढायची, जुसबचाचांनी तिच्यावरून स्क्रीन तयार करायच्या आणि मग लांबलचक टेबलांवर कापड अंथरून छपाई व्हायची, असा तिथला क्रम. गेल्या तीन महिन्यांत मात्र या क्रमात एक विघ्न आलं होतं. जागृतीबेनची नक्षी स्क्रीनवर चढायच्या आत शेजारच्या नाथाभाईंच्या कारखान्यात छापून वाळत पडायची. एकदा झालं, योगायोग म्हणून सोडलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा शेठनी मिश्या चावल्या. तिसऱ्यांदा तर नाथाभाईंच्या मोराच्या डोळ्यात तोच ठिपका निघाला जो जागृतीबेनने चुकून ठेवला होता.

"मोर तुमचा, ठिपका तुमचा, आणि साडी नाथ्याची," शेठ म्हणाले. "मी काय समजायचं?"

"शेठ, मी नाही दिली."

"मग काय मोर स्वतः उडून गेला?"

उद्या शनिवारी भावनगरची मोठी पार्टी सातम-आठमच्या सणासाठी साडी बघायला येणार होती. ही नक्षीसुद्धा फुटली, तर सोमवारपासून यायचं नाही, असं शेठनी सांगून टाकलं. नोकरी जाण्याचं जागृतीबेनला तेवढं वाटलं नाही. पण आमचं जेतपूर हे एवढंसं गाव. निम्मं गाव साड्या छापतं आणि उरलेलं निम्मं त्यांना नावं ठेवतं. नक्षी विकणारी बाई असा शिक्का एकदा बसला, की गावातल्या एकाही कारखान्यात तिला कुणी खुर्ची देणार नव्हतं. जागृतीबेनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शेठसमोर तिने ते पडू दिलं नाही.

इथे शेठ आणि नाथाभाई यांच्याबद्दल सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी हे दोघं भागीदार होते. मग कशावरून तरी बिनसलं आणि सगळ्याची वाटणी झाली. टेबलं अर्धी अर्धी, पार्ट्या अर्ध्या अर्ध्या, दोन संगणकांतला एक इकडे आणि एक तिकडे. मधोमध भिंत घातली. तिच्या पलीकडच्या अंगाला नाथाभाईंनी मुद्दाम आपली भट्टी बसवली, म्हणजे परसोत्तमशेठना बाराही महिने चटका बसावा. तेव्हापासून तिला सगळे भट्टीकडची भिंत म्हणतात. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अगदीच जरूर पडली तर चहावाल्यामार्फत निरोप धाडतात, आणि तो निरोपात स्वतःचे दोन शब्द घालतो.

जागृतीबेन हातावर हात धरून बसणारी नव्हती. या वेळी तिने नवी नक्षी पेनड्राइव्हवर घेऊन घरी मेथीच्या डब्यात ठेवली होती. स्क्रीन तयार झाल्या, आता रंगांचा तक्ता काढायचा म्हणून शुक्रवारी सकाळीच ती संगणकात घातली. साडीचं अंग एका फाइलमध्ये आणि पदर दुसरीत. मग तिने राजकोटला निलयभाईंना फोन लावला.

हे निलयभाई संगणकांचे वैद्य. पण खुर्चीवरून न उठणारे वैद्य. रोगी जेतपूरला असो की अहमदाबादला, ते राजकोटला बसूनच नाडी बघत. तीन आठवडे जागृतीबेन त्यांना या म्हणत होती आणि ते "यायची गरजच काय बेन, सगळं इथून होतं" असं म्हणत होते. आज मात्र तिचा आवाज ऐकून त्यांनी नीट विचारपूस केली, तिच्याकडून चार गोष्टी वाचून घेतल्या आणि निदान सांगितलं. फाइल शेअरिंग सताड उघडं आहे. फायरवॉल बंद आहे. कुणीतरी आत येऊन फायली उचलून नेतंय.

"पण इथे संगणक एकच आहे," जागृतीबेन म्हणाली.

"दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे बेन. तुम्ही स्क्रीन शेअर करा, मी चोर दाखवतो. हातातलं काम झालं की फोन करतोच."

जागृतीबेन फोनजवळ बसून राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजायला आला तेव्हा शेठनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला. एक ते चार आमच्याकडे कुणी काम करत नाही. हवेलीच्या देवळातले ठाकोरजीसुद्धा त्या वेळेला पडद्याआड असतात, मग माणसाची काय कथा. चारनंतर फोन आला तर आला, अशी मनाची समजूत घालून ती घरी गेली. संगणक तिने चालूच ठेवला, कारण तो एकदा बंद केला की पुन्हा जागा व्हायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ घ्यायचा. गावात त्या वेळी जागा असा तो एकटाच होता.

आणि एक माणूस अर्धवट जागा होता. कारखान्याचे हिशेब लिहिणारे लाभशंकर मेहताजी. घरी सुनेचा टीव्ही चालतो म्हणून ते दुपारी पेढीच्या गादीवरच कलंडत. सव्वा वाजता उशाशी फोन वाजला.

निलयभाईंची दुपारची झोप अहमदाबादच्या गिऱ्हाइकांनी कधीच मोडून टाकली होती. त्यांना वाटलं, जगही आपल्यासारखं जागं आहे. जागृतीबेन नाहीत म्हटल्यावर ते म्हणाले, मग तुम्हीच लिहून घ्या काका, घाईचं आहे, बेनच्या अब्रूचा प्रश्न आहे. मेहताजींनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली.

"पहिलं, स्क्रीन शेअर करा."

"कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर. आणखी कुणाबरोबर?"

"किती?"

"किती काय? पूर्ण. अर्धीमुर्धी नको."

मेहताजींनी लिहिलं. दुसरं, फाइल शेअरिंग बंद. तेही लिहिलं. तिसरं, फायरवॉल.

"तिच्यात कुठेतरी भोक आहे," निलयभाई म्हणाले. "सगळी गडबड त्यातूनच आहे. ते भोक आज बुजलंच पाहिजे."

"आजच?"

"आत्ताच, काका." तेवढ्यात त्यांचा दुसरा फोन वाजला आणि हा तुटला.

मेहताजी अडाणी होते असं कुणी समजू नये. जुन्या काळचे इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेले गृहस्थ ते. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरून एकेका शब्दाचा अर्थ लावला, आणि खरं सांगायचं तर तिन्ही वस्तू त्यांना कारखान्यात जागच्या जागी सापडल्या. स्क्रीन म्हणजे काय हे जेतपुरात जन्मलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. लोखंडी चौकट, तिच्यावर ताणलेलं जाळीचं कापड, एका रंगाला एक. नव्या साडीला पाच रंग, म्हणजे पाच स्क्रीन. फाइल म्हणजे कपाटातल्या पुठ्ठ्याच्या फायली. आणि फायर म्हणजे आग, वॉल म्हणजे भिंत. भट्टीकडची भिंत. राजकोटला बसलेल्या माणसाला आपल्या भिंतीतलं भोक दिसतं, याचंच त्यांना फार कौतुक वाटलं.

शेठना विचारावं का, असं एकदा मनात आलं. पण शेठ झोपेतून उठवले तर काय बोलतात, हे मेहताजींनी पंचवीस वर्षांत एकदाच ऐकलं होतं आणि ते त्यांना पुरलं होतं. शिवाय अब्रूचा प्रश्न होता. जागृतीबेन रोज सकाळी त्यांना आधी पाणी देऊन मग कामाला बसायची. तिच्यासाठी एवढं करायचं नाही तर कुणासाठी?

फायलींचं काम सोपं होतं. सगळ्या कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. स्क्रीनचं काम अवघड निघालं, कारण स्क्रीनखोलीच्या दाराशी जुसबचाचा आडवे झोपले होते. तीस वर्षांत एकही स्क्रीन त्यांनी कारखान्याबाहेर जाऊ दिली नव्हती.

"कुणाला द्यायच्या?" चाचांनी डोळे न उघडता विचारलं.

"राजकोटला. निलयभाईंबरोबर शेअर करायच्यात."

"तो छापतो काय?"

"बघतो म्हणाला."

"बघायला पाच स्क्रीन लागतात?"

"अर्धीमुर्धी नको म्हणाला. चाचा, जागृतीबेनचा प्रश्न आहे."

हे शेवटचं ऐकून चाचा उठून बसले. त्यांचाही जागृतीबेनवर जीव होता. पण स्क्रीन एकट्या पाठवायला ते तयार नव्हते. शेवटी नाक्यावरच्या छकडो रिक्षावाल्याला झाडाखालून उठवलं, पाच स्क्रीन गोधड्यांत गुंडाळून वर चढवल्या आणि त्यांना दोन्ही हातांनी धरून चाचा स्वतः मागे बसले. छकडो फटफट करत राजकोटच्या रस्त्याला लागला तेव्हा दीड वाजून गेला होता आणि बाजारात बघायला कुत्रंही जागं नव्हतं.

राहिली भिंत. वरच्या टाकीचं काम करणारा रवजी गवंडी जिन्याखाली पडला होता, त्याला मेहताजींनी हलवलं. दोघांनी भट्टीकडची भिंत इकडून तिकडे चाचपून काढली. भोक कुठे दिसेना. मग जागृतीबेनच्या टेबलामागचं लाकडी कपाट सरकवलं आणि मेहताजींनी समाधानाने मान हलवली. मुठीएवढं भोक, त्याच्याभोवती बारा वर्षांची कोळिष्टकं. त्या भोकातून एक निळी वायर पलीकडे गेली होती.

"वायरचं काय करू?" रवजीने विचारलं.

मेहताजींनी विचार केला. वायर जाते पलीकडे, म्हणजे ती पलीकडची. दुसऱ्याची वस्तू आपल्या भिंतीत चिणून ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी रवजीला ती भिंतीलगत कापायला लावली आणि शेपूट व्यवस्थित पलीकडे ढकलून दिलं. मग विटेचे तुकडे, सिमेंट, वरून गुळगुळीत गिलावा. एवढं झाल्यावर मेहताजींनी कागदावर तीन खुणा केल्या आणि गादीवर जाऊन निवांत झोपले.

चार वाजता जागृतीबेन आली ती ओल्या गिलाव्यावर हात टेकूनच उभी राहिली. कपाट खोलीच्या मधोमध. स्क्रीनखोली रिकामी. जुसबचाचा गायब. पाठोपाठ शेठ आले. उद्या पार्टी, आज नमुना छापायचा आणि स्क्रीन नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पाचही रंगांतून गेला. मेहताजींनी अदबीने कागद पुढे केला. शेठ तो वाचत असतानाच फोन वाजला.

"शेठ, एक म्हातारे गृहस्थ माझ्या दुकानासमोर पाच चौकटी घेऊन उभे आहेत," निलयभाई सांगत होते. "बघून झाल्या का, असं दर दोन मिनिटांनी विचारतायत. मी काय बघू?"

शेठनी फोन खाली ठेवला. मेहताजींवर ओरडण्यात अर्थ नव्हता, इतक्या श्रद्धेने ते उभे होते. म्हणून सगळा राग जागृतीबेनकडे वळला. हा राजकोटवाला तुम्हीच शोधलात, नक्ष्या गेल्या त्या गेल्या, आता स्क्रीनही गेल्या, उद्या मी पार्टीला काय दाखवू, ही भिंत? ते बोलत राहिले. जागृतीबेनने टेबलाचा खण उघडला, कंगवा, चष्म्याचं घर, नातलगांच्या पत्रिका असं आपलं सामान पिशवीत भरायला घेतलं. अकरा वर्षांचं सामान एका पिशवीत मावतंय याचं तिला फार वाईट वाटलं.

आणि त्याच वेळी नाथाभाई दारात आले.

बारा वर्षांत पहिल्यांदा. अंगात बंडी, केस झोपेने विस्कटलेले, आणि हातात निळ्या वायरचा हातभर तुकडा. चहावाल्यामार्फत निरोप धाडण्याचंही भान त्यांना राहिलं नव्हतं.

"परसोत्तम, ही काय रीत झाली?" ते म्हणाले. "भिंत तुझी असेल, वायर काय तुझी एकट्याची? न विचारता कापलीस?"

शेठना काही कळेना. ते वायरकडे बघत राहिले. जागृतीबेनच्या हातातला कंगवा मात्र हातातच राहिला. तिने आपल्या संगणकाच्या मागे वाकून बघितलं. वायरींच्या गुंत्याला तिने कधी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग छेडू नये, हा आमच्या गावाचा नियम. त्या गुंत्यातून एक निळी वायर निघून भिंतीपर्यंत जात होती आणि ओल्या गिलाव्याशी तुटली होती.

ती सरळ उभी राहिली. तिचा आवाज अगदी गोड झाला.

"नाथाभाई, फार त्रास झाला का हो? काम अडलं तुमचं?"

"अडलं म्हणजे? उतरवायला लावून आडवा झालो होतो, उठून बघतो तर बरोबर दोन वाजता बंद पडलेलं. अंग आलं आणि पदर इकडेच राहिला. आता नुसत्या अंगाचं मी काय करू, बेन?"

आपण काय बोलून बसलो हे नाथाभाईंच्या हळूहळू ध्यानात येत गेलं, आणि ते कसं येत गेलं हे सगळ्यांना त्यांच्या चेहऱ्यावर बघायला मिळालं. पण सौराष्ट्रातला व्यापारी पडला तरी नाक वर. ते म्हणाले, वाटणीच्या वेळी टेबलांची वाटणी झाली, संगणकांची झाली, वायरीची झालीच नव्हती. म्हणजे वायर अजून भागीदारीतच आहे. आणि भागीदारीच्या वायरीतून जे येतं त्याला चोरी म्हणत नाहीत.

"नाथ्या," एवढंच परसोत्तमशेठ म्हणाले. तीन महिने ज्या बाईला त्यांनी चोर समजून छळलं होतं तिच्याकडे बघायचं धैर्य त्यांना होत नव्हतं. शेवटी ते उठले आणि तिच्या हातातला कंगवा, पिशवीतलं चष्म्याचं घर आणि पत्रिका एक एक करून स्वतःच्या हाताने खणात परत ठेवल्या. शेठ लोक माफी मागत नाहीत. आमच्याकडे यापेक्षा मोठी माफी कुणी बघितलेली नाही. जागृतीबेनने सकाळपासून अडवून धरलेलं पाणी आता खुशाल वाहू दिलं आणि पदराने डोळे पुसले.

सात वाजता छकडो परत आला. मागे पाच स्क्रीन, त्यांना धरून जुसबचाचा आणि चाचांना धरून निलयभाई. "उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही" म्हणून चाचा दुकानासमोर बसून राहिले होते, आणि गिऱ्हाइकं त्यांना बघून परत फिरायला लागली तेव्हा नाइलाजाने निलयभाईंना खुर्ची सोडावी लागली होती. हाडं खिळखिळी झालेल्या अवस्थेत त्यांनी संगणक तपासला, शेअरिंग बंद केलं, फायरवॉल चालू केली. मग त्या भिंतीपाशी गेले, गिलाव्यावरून बोट फिरवलं आणि मेहताजींकडे वळले.

"काका, मी जे केलं ते उद्या एखादा उघडू शकेल. तुम्ही केलंय ते कुणाच्या बापाला उघडणार नाही."

मेहताजींनी विनयाने एवढंच विचारलं, की आता फायलींचं कुलूप काढलं तर चालेल का.

जुसबचाचांनी चहाही न घेता छपाईला हात घातला. शनिवारी पार्टी आली, साडी बघितली आणि तिथल्या तिथे सगळ्या सणाची मागणी देऊन गेली. त्या संध्याकाळी शेठनी चाचांना एक सहावी स्क्रीन बनवायला सांगितली, अगदी चिंचोळी. साडीच्या काठाला जिथे कारखान्याचं नाव छापतात, तिथे आता त्याच्या शेजारी "नक्षी: जागृती वेकरिया" असं छापलं जाणार होतं. जेतपुरात असं कुणी कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीन कारखान्यांतून तिला बोलावणं आलं आणि तिन्ही ठिकाणी तिने, मी इथेच बरी आहे, असं कळवलं.

नाथाभाईंची गोष्ट मात्र संपली नव्हती. शुक्रवारी दुपारी अंग हाती लागताच त्यांनी घाईघाईने त्याचं चित्र मोबाईलवरून जामनगरच्या आपल्या पार्टीला धाडलं होतं. पार्टीने ते पसंत केलं आणि पदर दाखवा म्हणून तगादा लावला. त्यांच्या संगणकावर तीन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या माणसाने दोन दिवस बसून पदर काढायचा प्रयत्न केला. पण बिचाऱ्याला उचलणं येत होतं, काढणं येत नव्हतं. त्याचा पदरावरचा मोर कोंबडीसारखा दिसायला लागला तेव्हा त्याने हात जोडले.

सोमवारी सकाळी नाथाभाई इस्त्रीचा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन, पुढच्या दाराने रीतसर आले. परसोत्तमशेठसमोर त्यांनी घसा साफ केला. शेठनी त्यांचं बोलणं सुरूही होऊ दिलं नाही.

"नक्षी माझी नाही," ते म्हणाले. "जिची आहे तिला विचार. नाव काठावर लिहिलंय."

नाथाभाई जागृतीबेनच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. काठावर नाव छापायचं त्यांनी न सांगताच कबूल केलं. नव्या नक्ष्या सांगून आणि दाम देऊन घेईन म्हणाले. जागृतीबेनने पुडा उघडून पहिला पेढा मेहताजींना दिला, दुसरा चाचांना पाठवला, तिसरा स्वतः खाल्ला आणि मग वर बघितलं.

"सगळं खरं, नाथाभाई. पण मागायचं ते आधी नीट मागा."

आमच्याकडे बाईमाणूस देवाकडे मागताना पदर पसरतं. नाथाभाई दोन्ही हात पुढे करून तसेच घुटमळत राहिले. पसरायला नेमका तोच त्यांच्याकडे नव्हता.